पऱ्हाटी जाळू नका, साठवूही नका

गेल्या दोन महिन्यांत आलेली निम्मी पत्रं एकाच गोष्टीवर आहेत: शेतातल्या आणि रानातल्या टाकाऊ मालापासून जळण, गॅस किंवा वीज मिळेल का? म्हणून या वेळची सगळी पानं त्यालाच दिली आहेत. नव्या वाचकांना माझी ओळख सांगते. मी यावल तालुक्यातल्या एका गवंड्याची मुलगी. दीनबंधू पद्धतीचा गोबरगॅस १९८४ साली आला, आणि पुढच्या काही वर्षांत माझ्या वडिलांनी आमच्या भागात त्याचे बरेच घुमट बांधले. विटा भिजवून द्यायचं काम माझ्याकडे असायचं. लग्न होऊन अमळनेरकडे आले तेव्हा तेच काम मी धरलं. बंद पडलेले गोबरगॅस सुरू करून देणं आणि चुली बांधणं, यावरच माझं घर चालतं.

प्रश्न : ताई, पारोळा तालुक्यात माझी पाच एकर कोरडवाहू कपाशी आहे. वेचणी आटोपली की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या उरलेल्या काड्या, उपटून बांधावर रचतो. थोडी चुलीला जाते, थोडी वीटभट्टीवाला नेतो, उरलेली मे महिन्यात पेटवून देतो. गावातला एक जण म्हणतो, हिचा पांढरा कोळसा होतो आणि पैसे मिळतात. खरं काय?

खरं आहे, भाऊ. पण आधी तुमच्या बांधावरच्या ढिगाबद्दल बोलू द्या, कारण माझा जीव तिथे अडकलाय.

मागच्या फेब्रुवारीत धरणगावच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या अशाच ढिगातून मी एक पऱ्हाटी ओढून काढली. तिला सात सुकी, न उमललेली बोंडं चिकटलेली होती. एक फोडलं. आत दोन सरक्या एकमेकींना शिवल्यासारख्या चिकटलेल्या. नखाने त्या वेगळ्या केल्या, तर मधे गुलाबी अळी मुटकुळं करून निजलेली. ऊन लागताच हलली. ती मेलेली नव्हती, पुढच्या कपाशीची वाट बघत होती. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्या राज्यात काय हाल केले ते तुम्ही पाहिलंच असेल. हंगाम संपला की अळी अशाच बोंडांत झोप काढते, आणि पाऊस पडून नवी कपाशी पात्याफुलांवर आली की पतंग होऊन निघते. बांधावर मेपर्यंत रचलेली पऱ्हाटी म्हणजे तिला आपण बांधून दिलेलं घर.

म्हणून पऱ्हाटीचं काहीही करायचं असो, ते लवकर करा. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी पुढे ठेवून आणखी वेचणी घेण्याचा मोह सोडा. डिसेंबरअखेर शेवटची वेचणी उरकून शेत मोकळं करा. ठेलारींच्या मेंढ्या त्या सुमारास आपल्या शिवारात असतातच. आठ दिवस त्यांना शेतात बसू द्या. पाला आणि उरलीसुरली बोंडं त्या खातात, लेंड्या शेतात पडतात, आणि पऱ्हाटी नुसती काडी उरते. मग चिमट्याने उपटा. कुऱ्हाडीने तोडली तर बुडखा जमिनीतच राहतो, आणि जळण म्हणून बुडखाच सगळ्यात वजनदार. उपटल्यावर मुळाची माती मात्र नीट झटका. माती भट्टीत गेली की वितळून जाळीवर खडे धरते, यंत्राची पाती बोथट करते, आणि घेणारा त्याच कारणाने भाव पाडतो.

आता हिशेब. कपाशीच्या काड्या हेक्टरी दोन ते तीन टन निघतात. तुमचं पाच एकर म्हणजे दोन हेक्टर, तेव्हा चार ते सहा टन माल झाला. वाळलेल्या काडीत किलोला चार हजारांच्या आसपास किलोकॅलरी उष्णता असते. आपल्याकडचा बराचसा दगडी कोळसा जेमतेम तेवढाच तापतो, आणि मागे तीस-चाळीस टक्के राख टाकतो. काडीची राख तीन ते पाच टक्केच. घरातला गॅस सिलिंडर १४.२ किलोचा. एक टन काडीतली उष्णता अशा पंचवीसेक सिलिंडरांएवढी भरते.

हा आकडा मी गावात सांगते तेव्हा बायका माझ्याकडे बघत राहतात, कारण त्यांच्या चुलीत टनभर काड्या गेल्या तरी पंचवीस सिलिंडरांचा स्वयंपाक कधी होत नाही. त्यांचंच बरोबर आहे. तीन दगडांच्या चुलीत शंभरातली दहा-पंधरा हिस्से उष्णता भांड्याला लागते, बाकी धुरात आणि भिंतीत जाते. गॅसच्या शेगडीत साठ हिस्से लागते. म्हणजे साध्या चुलीत टनभर काडीचे पाचच सिलिंडर होतात. जाळी बसवलेल्या, खालून हवा घेणाऱ्या चुलीत त्याचे दहा होतात. तेव्हा पांढऱ्या कोळशाच्या मशीनचा विचार करण्याआधी घरची चूल सुधारा. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर धुरात भाकरी थापल्या. जाळीची चूल बांधून दिली त्या दिवशी त्या पहिल्यांदा डोळ्यांना पदर न लावता चुलीपुढे बसल्या. म्हणाल्या, "आते डोयाले धूर नही लागस व माय."

पांढरा कोळसा कसा होतो ते सांगते. काडीचा आधी भुसा करतात. भुसा वाळवून ओल दहा टक्क्यांच्या आसपास आणतात आणि मग मोठ्या दाबाने साच्यातून काढतात. गूळ, खळ, शेण असलं काही चिकटवायला लागत नाही. लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. दाबाने आणि घासून तापला की तो मऊ होतो आणि थंड झाल्यावर भुसा घट्ट धरून ठेवतो. कांडी मनगटाहून जाड, हातात घेतली तर दगडासारखी जड. फायदा खरा या वजनाचा. सुट्या काड्यांची ट्रॉली डोंगरासारखी दिसते, पण वजनकाट्यावर निम्मी हवाच भरते. तीसचाळीस किलोमीटर वाहून नेली की डिझेलचेही पैसे सुटत नाहीत. कांडी केली की तोच माल पाच-सहा पट कमी जागेत बसतो.

पण हे यंत्र पाच एकरवाल्याने एकट्याने घेण्याचं नाही. ते वर्षभर चाललं पाहिजे, आणि काड्या येतात जानेवारी ते मार्च. त्या तीन महिन्यांत वर्षाचा माल गोळा करून छपराखाली ठेवावा लागतो. याच ठिकाणी बहुतेक उद्योग बसतात. मी पाहिलेल्या एका ठिकाणी यंत्र नवं, शेड नवी, पण माल उघड्यावर. जूनचा पहिला पाऊस झाला आणि सगळा ढीग आतून तापून काळा पडला. बुरशीचा वास आजही माझ्या नाकात आहे. तुम्ही वीस-पंचवीस शेतकऱ्यांनी मिळून फक्त भुसा करणारं, ट्रॅक्टरवर चालणारं यंत्र भाड्याने आणा, शेतातच भुसा करा आणि तयार भुसा कांडीवाल्याला विका. काडी चिरडली की बोंडं आणि अळी तिथेच संपतात, मग भुसा छपराखाली ठेवला तरी फारसा धोका राहत नाही. गिऱ्हाईक शोधताना जळगावच्या दालमिल, तेलगिरण्या, बॉयलर असलेले कारखाने अशा ठिकाणी आधी स्वतः जाऊन बोला. औष्णिक वीज केंद्रांनीही कोळशात पाच टक्के काडीकचऱ्याच्या गोळ्या मिसळाव्यात असं धोरण केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२१ साली केलं आहे. भुसावळजवळ दीपनगरला असं केंद्र आपल्याकडे आहे, तेव्हा ही मागणी आपल्या दारात येऊ शकते. पण खरेदी कोण करणार, किती ओलीचा माल चालेल आणि पैसे किती दिवसांत मिळतील हे कागदावर घेतल्याशिवाय एक काडीही उचलू नका.

ओल बघायला यंत्र लागत नाही. मूठभर भुसा घरच्या काट्यावर शंभर ग्रॅम मोजा, परातीत पसरून कडक उन्हात दोन दिवस ठेवा, पुन्हा मोजा. नव्वदच्या खाली गेला तर माल अजून ओला आहे. आणि काडी मोडून बघा. वाळलेली कट्‌ आवाज करून तुटते, ओली वाकते आणि साल सोडते.

दोन गोष्टी राहिल्या. पाचही एकरांतली काडी विकू नका. दोन एकरांतली तरी भुसा करून त्याच शेतात गाडा, कोरडवाहू जमिनीला तेवढंच सेंद्रिय खत मिळतं. आणि घरी भरितासाठी दोन पेंढ्या वेगळ्या काढाच, फक्त बोंडं तोडून. आसोद्याचं वांगं गॅसवर भाजलेलं मी खाल्लंय. काड्यांच्या जाळाची चव त्याला येत नाही.

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळी आहे. घड कापले की बागेत खांबांचा खच पडतो. रस्त्याच्या कडेला टाकले तर लोक बोलतात, बागेत ठेवले तर पुढच्या लागवडीला आड येतात. हे वाळवून जाळता येतील का? की गोबरगॅसमध्ये टाकावेत?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खांब उचलतानाच मिळतं. कापलेला खांब खांद्यावर घेतला की पाठीवरून पाणी निथळतं आणि सदऱ्यावर पडलेला डाग जन्मात निघत नाही. खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. दीड मीटर बाय दीड मीटरच्या बागेत हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात आणि साठ ते ऐंशी टन खांब निघतो. त्या साठ टनांतलं जळण्यासारखं जेमतेम सहा टन, बाकी पाणी. ते पाणी उडवायला जेवढी उष्णता लागेल तेवढी त्या जळणातून परत मिळणार नाही. तेव्हा वाळवून जाळायचं मनातून काढून टाका. माझा साधा नियम आहे: ओलं टाकीत, वाळलेलं आगीत. पऱ्हाटी आगीसाठी, खांब टाकीसाठी. उलट केलं तर दोन्हीकडे नुकसान. पऱ्हाटीत लिग्निन भरपूर, ते गोबरगॅसच्या जिवाणूंना पचत नाही, काडी टाकीत महिनाभर पडली तरी काडीच राहते.

खांब मात्र टाकीत पचतो, जरा सांभाळून घातला तर. मी तो न सांभाळता घातला होता, ते सांगते. आमच्या घरी दोन घनमीटरचा गोबरगॅस आहे. त्याला रोज पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. एका वर्षी आमची एक म्हैस विकली, शेण कमी पडायला लागलं, म्हणून मी माहेरच्या बागेतून खांब आणून कोयत्याने तुकडे करून रोज पाट्या भरून टाकायला लागले. पहिला आठवडा गॅस वाढल्यासारखा वाटला. दहाव्या दिवशी ज्योत पिवळी पडली, बाराव्या दिवशी शेगडी पेटेना. निकासाच्या तोंडाशी वाकून पाहिलं तर वर वीतभर जाड, दोऱ्यांची गोधडी तरंगत होती. वास शेणाचा नव्हता, आंबलेल्या ताकाचा होता.

झालं असं होतं. टाकीत दोन टोळ्यांचे जिवाणू काम करतात. पहिली टोळी अन्न फोडून त्याचं आम्ल करते, दुसरी त्या आम्लाचा मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, करते. पहिली झपाट्याने वाढते, दुसरी सावकाश. एकदम हलकं, गोडसर अन्न मिळालं की पहिली टोळी धावत सुटते, आम्ल साचतं आणि त्यात दुसरी मरते. वर खांबाचे धागे तरंगून साय धरतात आणि गॅसची वाट अडवतात. मी खांब पूर्ण थांबवला, बांबूने साय फोडून काढली, आठ दिवस काहीच टाकलं नाही, मग शेजारच्या चालू गोबरगॅसमधली चार घमेली रबडी, म्हणजे शेणपाण्याचा काला, आणून ओतली आणि थोडं-थोडं शेण सुरू केलं. निळी ज्योत परत यायला तीन आठवडे गेले. तेवढे दिवस घरात लाकडाचा धूर होता, आणि तो कोणामुळे झाला हे मला माहीत होतं.

आता मी असं करते आणि लोकांनाही हेच सांगते. खांब कडबाकुट्टीतून काढायचा, तुकडा बोटाच्या पेरापेक्षा मोठा नको. कुट्टी गोणपाटावर दाबून पाणी निथळू द्यायचं. हे पाणी फेकू नका, त्यात पोटॅश असतं. नवसारीच्या कृषी विद्यापीठाने खांबाच्या या रसापासून द्रवखत तयार केलं आहे, नवसारी आपल्यापासून काही लांब नाही. घरच्या घरी निदान ते पाणी भरून झाडांच्या बुडाला द्या. निथळलेली कुट्टी शेणाच्या रबडीत सात-आठ दिवस भिजवून मग टाकीत. प्रमाण एकूण खुराकाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको: चाळीस किलो शेणाला दहा किलो खांब. आणि रोज तेवढंच टाकायचं. टाकीचं पोट म्हशीच्या पोटासारखं असतं, एकदम खुराक बदलला की बिघडतं.

एवढ्यातून मिळतं काय? दोन घनमीटर गॅसमध्ये चार-पाच माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक निघतो. सिलिंडरच्या भाषेत महिन्याला पावणेदोनाच्या आसपास. आपल्याकडचं ऊन इथे फार कामाचं आहे. जिवाणूंना पस्तीस अंश गरमी आवडते, आणि खान्देशात त्याच्या आसपासची गरमी वर्षाचे बरेच महिने फुकट मिळते. थंड मुलखात टाकी तापवायला बराच गॅस तिलाच जाळावा लागतो. फक्त डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा गॅस कमी होणार. त्या दिवसांत शेण कालवायला उन्हात तापलेलं पाणी घ्या आणि घुमटावर केळीच्या वाळल्या पानांचा जाड थर द्या.

पण तुमच्या बागेतला सगळा खांब घरच्या टाकीत कधीच मावणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते. रोज दहा किलो म्हणजे वर्षाला साडेतीन टन, आणि तुमच्याकडे हेक्टरी साठ. उरलेल्याला दोनच वाटा. कुट्टी करून बागेतच कुजवा, म्हणजे पोटॅशच्या पोत्यांचा खर्च कमी होईल. नाहीतर गावाने मिळून मोठा प्रकल्प उभा करावा. केंद्राने २०१८ साली सतत नावाची योजना आणली, तिच्यात असा गॅस शुद्ध करून, दाबून तेल कंपन्यांना विकता येतो. ते काम कोट्यवधींचं आहे आणि रोज टनावारी माल लागतो. पण ज्या तालुक्यातून रोज केळीच्या गाड्या भरून उत्तरेला जातात, तिथे माल कमी पडण्याची भीती नाही.

एक गोष्ट तुम्हाला हात जोडून सांगते. टाकी बंद असो, रिकामी असो, वर्षानुवर्षं पडून असो, तिच्यात माणसाने उतरू नये. आतला वायू दिसत नाही. पहिला श्वास घेतला की माणूस पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. साय काढायची तर बाहेर उभं राहून, लांब बांबूने.

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यातला, आयटीआय झालेला आहे. काड्यांच्या गॅसवर जनरेटर चालवून विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर फिरवायचा विचार आहे. जमेल का?

जमतं, बाळा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने कर्नाटकातल्या होसहळ्ळी गावात १९८८ साली असाच संच बसवला होता आणि लाकडाच्या गॅसवर गावात दिवे लागले, पिठाची गिरणी चालली. फलटणच्या निंबकर संस्थेने उसाच्या पाचटावर चालणारा गॅसिफायर केला. लाकूड अपुऱ्या हवेत तापवलं की पेटण्याऐवजी त्याचा वायू होतो, आणि तो वायू इंजिनात जातो.

पण तुझा हिशेब करून बघू. एक युनिट विजेला सव्वा ते दीड किलो वाळलेला तुकडा लागतो. पाच हॉर्सपॉवरची मोटर तासाला चार-साडेचार युनिट ओढणार. सहा तास मोटर चालवायची तर तीस-चाळीस किलो तुकडे, तेही एकसारखे अंगठ्याएवढे, पंधरा टक्क्यांपेक्षा कमी ओलीचे, रोज. भुसा चालत नाही, तो आत अडकून बसतो. वायूबरोबर डांबर येतं, ते गाळून काढलं नाही तर इंजिनाचे व्हॉल्व्ह चिकटतात. मी एका गिरणीत असा बंद पडलेला संच पाहिला आहे. गाळणीचं झाकण उघडलं तर आत काकवीसारखा काळा थर होता, आणि तो दर आठवड्याला धुवायचा कंटाळा हेच तो बंद पडण्याचं कारण होतं. शिवाय या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही. विहिरीवरच्या बंद खोलीत जरा गळती झाली तरी जीव जातो.

एका विहिरीसाठी सौर पंपच घे. ऊन आपल्याकडे किती आहे हे साक्री तालुक्यात शिवाजीनगरचा सौर प्रकल्प बघून कळेल, २०१३ पासून तिथे १२५ मेगावॅटची सौर पॅनेलं उभी आहेत. तुझ्या हातातली कला मात्र वाया घालवू नको. गॅसिफायरचा वायू इंजिनात न घालता थेट जाळला तर डांबराची डोकेदुखी जवळजवळ राहत नाही, ते ज्योतीतच जळून जातं. डाळ वाळवणं, मिरची वाळवणं, शेंगदाणे भाजणं अशा कामांना लोक डिझेल जाळतात. एक लिटर डिझेलचं काम साधारण तीन-साडेतीन किलो काडीत होतं. अशा एखाद्या कारखान्यात भट्टीला गॅसिफायर जोडून दाखव.

प्रश्न : चुलीची राख शेतात टाकावी का? (शिंदखेडा)

आपली काळी जमीन मुळात विम्लतेकडे, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला, झुकलेली, राख तिला आणखी तिकडे ढकलते. थेट शेतात नको. उकिरड्यात थरावर थर, पातळ पसरून टाका.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यात शिक्षक आहे. आमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. जंगलात पालापाचोळा खूप पडतो आणि उन्हाळ्यात वणवे लागतात. त्या पाल्याचं इंधन करून गावाला रोजगार मिळेल का? काही जण म्हणतात सगळा पाला गोळा करून कांड्या करू.

गुरुजी, सगळा पाला नको. अंजनाच्या, सागाच्या झाडाखाली पडलेला पाला त्या झाडाचंच पुढच्या वर्षीचं खत आहे. डोंगरउतारावर तो पावसाचा पहिला मारा अंगावर झेलतो. तो उचलला तर जूनमध्ये तुमची माती नर्मदेत किंवा तापीत वाहून जाईल, आणि त्या कांड्यांच्या पैशांत ती परत येणार नाही. शेतातला पाला दरवर्षी आपण पेरतो, जंगलातला कोणी पेरत नाही. म्हणून शेताला लावलेला हिशेब जंगलाला लावू नका.

पण दोन जागा अशा आहेत जिथून जरूर उचला. पहिली मोहाच्या झाडाखालची. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचता यावा म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात, आणि वारा असला की तोच वणवा डोंगर चढतो. मोह टिपकायला लागण्याआधी झाडाखालचं अंगण झाडून पाला गोळा केला तर फुलंही स्वच्छ मिळतात आणि आग लावायचं कारणच उरत नाही. दुसरी जागा घाणेरीची, म्हणजे टणटणीची. ती बाहेरून आलेली, गुरं तिला तोंड लावत नाहीत, लावली तर आजारी पडतात. ती वाढली की खाली गवत आणि रोपं उगवत नाहीत, आणि उन्हाळ्यात तिची वाळली जाळी वणव्याला शिडीसारखी उपयोगी पडते. तिला मुळासकट उपटून इंधन केलं तर जंगलाचंच भलं होईल. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजात झुडपं, खुंट आणि बांबू धरलेले आहेत, तेव्हा ग्रामसभेच्या ठरावाने हे काम करता येतं. ठरावात कोणत्या ओढ्यापासून कोणत्या टेकडीपर्यंत आणि किती, हे स्पष्ट लिहा.

तुमच्या डोंगरावर कांडीचं यंत्र चढवू नका, वीज आणि दुरुस्ती दोन्ही पुरणार नाहीत. कोळसा करा. पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, उसाच्या पाचटाचा कोळसा करायची भट्टी काढली आणि तिला २००२ साली लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. तिचं तत्त्व समजून घेतलं तर घाणेरीच्या काड्यांनाही चालतं. त्याहून साधी, दोनशे लिटरच्या ड्रमची रीत मी बायकांना शिकवते. ड्रमच्या तळाला भोकं पाडायची आणि तो तीन दगडांवर ठेवायचा. वाळलेल्या काड्या थोड्या-थोड्या घालत जाळ धरू द्यायचा. सुरुवातीला पांढरा, जड धूर येतो, डोळ्यांत जातो. त्या वेळी ओल निघत असते. हळूहळू तो पातळ होतो, मग निळसर, पलीकडचं झाड दिसेल इतका. तो दिसला की लगेच दगड काढून ड्रम जमिनीवर बसवायचा, बुडाला ओली माती लावायची, वर झाकण ठेवून त्याचीही फट मातीने लिंपायची. चार-पाच किलो काड्यांतून किलोभर कोळसा मिळतो. तो कुटून, तांदळाची किंवा मक्याची खळ घालून गोळे वळायचे, चार दिवस उन्हात वाळवायचे. शेगडीत ते धुराशिवाय जळतात. शेगडी बंद खोलीत घेऊन मात्र कोणी झोपू नये, थंडीच्या दिवसांत हे प्रत्येक घरी जाऊन सांगा, कारण कोळशाच्या आगीतही तोच बिनवासाचा विषारी वायू असतो.

पहिली भट्टी ग्रामसभेसमोर लावा, आणि ड्रम दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उघडू नका. बाहेरून गार लागला तरी आत निखारे जिवंत असतात. माझ्या पहिल्या भट्टीला संध्याकाळीच झाकण काढलं होतं. हवा लागताच सगळा कोळसा लाल झाला, आणि पाण्याचा हंडा आणेपर्यंत तळाला राख उरली होती. उघडाल तेव्हा दोन घागरी पाणी जवळ ठेवा.